मेंदीच्या कुंपणापलीकडचं सिंगापूर

अहो, तिकडे सावलीत काय उभ्या राहिलात? इकडे या, उन्हात. अशा, मेंदीच्या या अंगाला. या दिवसांत ऊन आधी वहिनींच्या ओट्यावर उतरतं, मग माझ्या तुळशीपाशी येतं आणि नऊच्या सुमाराला बरोब्बर या कुंपणावर. म्हणून आमच्या गप्पाही नऊच्याच. पण जरा हळू बोला. वहिनी अंघोळीला गेल्यात. आल्यापासून त्यांची अंघोळ अर्धा-पाऊण तास चालते, कढत पाण्याखालून निघवत नाही म्हणतात. तेवढ्यात तुम्हाला सगळं सांगून टाकते.

तर आल्या एकदाच्या सिंगापूरहून, लेकीकडून. पहाटे पाचला टॅक्सी थांबली तशी मी खिडकीतून बघितलं. जुलैत गेल्या तेव्हा धो धो पाऊस होता, मीच छत्री धरून गाडीत बसवलं होतं. आणि परत उतरल्या त्या कशा? अंगात पातळ सुती कुडता, पायात उघड्या चपला आणि विमानात मानेला लावतात ना ती अर्धगोल उशी, तिचा मफलर केलेला! भाऊंच्या खांद्यावर एक निळं पांघरूण होतं. ते विमानातलं होतं का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

"बाई, किल्ली," एवढंच बोलल्या. दात वाजत होते हो, खरोखरचे. मी किल्ली घेऊन बाहेर आले तर दोघं एकमेकांना चिकटून उभे, नवीन लग्न झाल्यासारखे.

मुंबईला उतरल्यावर म्हणे काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं, जरा गार, घाम नाही. कसारा घाट चढायला लागले आणि ड्रायव्हरनं झोप येऊ नये म्हणून काच खाली केली, तिथून सुरुवात झाली. इगतपुरीला चहाला थांबले. वहिनींनी पेला दोन्ही हातांत धरला, गालाला लावला, दुसऱ्या गालाला लावला आणि शेवटी चहा गार झाला म्हणून टाकून दिला. शेकायलाच घेतला होता तो.

घर पाच महिने बंद. फरशीवर पाय ठेववेना. सगळे स्वेटर, शाली, रजया माळ्यावरच्या पेटीत, डांबरगोळ्या घालून. पहाटे पाचला माळ्यावर चढणार कोण? भाऊंचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. मग मी माझी गोधडी आणून दिली. आमच्या आईच्या दोन लुगड्यांची आहे ती, हातानं टाके घातलेली. अशी वजनदार की अंगावर घेतली की माणूस हलतच नाही. तर ती त्या दिवशी या कुंपणावरून पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, नाशिक नऊ अंश, निफाड सात. आता नऊ म्हणजे आपल्याला काय हो? मीठभाकरी. आपण कानाला रुमाल बांधून दूध आणायला जातो. पण वहिनींचा हिशेब वेगळा. सिंगापूर विषुववृत्ताच्या किती जवळ आहे, तर जेमतेम एकशे चाळीस किलोमीटर. इथून कल्याणला जाण्याइतकंच म्हणा ना. इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत तिथं, पण पारा एकोणीसच्या खाली कधी उतरलेला नाही. म्हणजे आपल्याकडे एकोणीस झाले की आपण म्हणतो, थंडी संपली बाई, पंखे पुसून घ्या. आणि तिथं तो सगळ्यांत गार दिवसाचा आकडा!

मी तीस वर्षं भूगोल शिकवला, खोड जात नाही. मी वहिनींना म्हटलं, नकाशा काढून बघा, तुम्ही उष्ण कटिबंधातून उष्ण कटिबंधातच आलात. कर्कवृत्त जातं ते आपल्या उत्तरेला, तिकडे गुजरात-मध्य प्रदेशातून. नाशिक विसाव्या अक्षांशावर, म्हणजे कागदोपत्री आपण उष्णच. यावर वहिनींनी गोधडीतून फक्त डोळे बाहेर काढून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा धडा आवरता घेतला. पण तुम्हाला सांगते, कारण वर्गातही पोरं हेच विचारायची, "बाई, मग थंडी का वाजते?" एक तर आपण समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पाठीशी, साधारण सहाशे मीटर उंचीवर. दुसरं म्हणजे हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते आणि ती अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. त्यात उत्तरेला बर्फ पडलं की तिकडचं वारं खाली येतं. दुपारी अठ्ठावीस आणि पहाटे नऊ, एकाच दिवसात. आणि सिंगापूरला? तिथली हवाच पाण्यानं भरलेली. ओलं घोंगडं पांघरल्यासारखं शहर, आणि ते घोंगडं रात्रीही काढायचं नाही.

नाना समोरून जात होते, त्यांनी ऐकलं. नाना निफाडचे, माहीत आहे ना? नऊ म्हटल्यावर ते स्कूटर लावून फाटकाशी आलेच. "बाई, नऊला थंडी म्हणू नका, आमची चेष्टा होते." मग त्यांनी २०१८ च्या डिसेंबरातला १.८ काढला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली ती नोंद नाना दर हिवाळ्यात सांगतात, घरातल्या मुलाचा बोर्डात नंबर आल्यासारखी. पण या वेळी चेहरा उतरलेला होता. ऑक्टोबर छाटणीची बाग, मणी आता कुठं फुगायला लागलेले, आणि थंडी अशी वाढली की फुगवणच थांबते. गोडी भरायला उशीर. फारच उतरलं तर मणी तडकतात, पानं करपतात. रात्री दोनला उठून बागेत काडीकचऱ्याच्या शेकोट्या करतात, धूर बागेतच राहील अशा बेतानं, आणि पहाटे ठिबक चालू करतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं ना. "आणि शेजारच्या बांधाला गहू," नाना म्हणाले, "तो खूष! त्याला जितकी थंडी तितके फुटवे. एकाच देवाला दोघांनी काय मागायचं सांगा."

वहिनी तेवढ्यापुरत्या गोधडीबाहेर आल्या. म्हणाल्या, "नाना, त्या शेकोटीजवळ एक खुर्ची टाकता का?"

तर आता मुख्य गोष्ट. तुम्हाला वाटेल, थंडी सोसवत नाही म्हणजे यांना तिकडचा उकाडा मानवला असेल. छे! तिथून फोन आला की पहिली पाच मिनिटं घामाची. चिकचिक, घुसमट, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पर्सला बुरशी आली, रेशमी साडीला वास आला. तिथं खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे घालतात, चौदाव्या मजल्यावरून. वहिनींनी पहिल्यांदा काठी बाहेर सरकवली तेव्हा भाऊंचा लेंगा खाली गेला. तो कुठं गेला ते अजून कळलेलं नाही.

पण त्यांनी एक सांगितलं ते माझ्या मनात बसलं आहे. म्हणाल्या, "बाई, मी पाच महिने शाल वापरली ती फक्त आत." मॉलमध्ये शाल, बसमध्ये शाल, दवाखान्यात शाल. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. त्यांचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू होते ना, १९५९ साली आलेले, ते स्वतः सांगायचे की पंतप्रधान झाल्यावर आधी सरकारी कचेऱ्यांत एसी बसवले, नाहीतर त्या हवेत माणसं काम कशी करणार? खरंच आहे. पण त्याचं असं झालं की गारवा घराच्या आत, दारं लावून, बिल भरून. ऊब बाहेर, आणि ती कुणालाच नको.

आता आपल्याकडे बघा. डिसेंबरात आपलं घर आतून गार, न्हाणीघर तर विचारूच नका, आणि ऊब सगळी अंगणात, फुकट. म्हणून माणूस मेथी निवडायला बाहेर येतो, मटार सोलायला बाहेर येतो, पेपर घेऊन बाहेर येतो. बाहेर आला की कुंपण आलं. कुंपण आलं की शेजारीण आली. आपण उन्हाळ्यात, पावसाळ्यात इतक्या बोलतो का सांगा? मे महिन्यात मी तुम्हाला कितीदा भेटले? सगळं ऐकायला मिळतं ते थंडीत. तुमच्या सुनेच्या बदलीचंही मला इथंच, याच दिवसांत कळलं.

तिथं वहिनींना कुंपण नव्हतं. खाली व्हॉइड डेक म्हणून मोकळा मजला असतो इमारतीला, म्हातारी माणसं बसतात तिथं, पत्ते नाहीतर सोंगट्या काही तरी चाललेलं असतं. वाईट काहीच नाही. पण लिफ्टनं चौदा मजले उतरायचे, आणि उतरून बोलायचं कुणाशी, कशात? कढी ढवळता ढवळता "अहो बाई" म्हणून हाक मारायची सोय नाही. पाच महिन्यांत मजल्यावरची माणसं त्यांना चेहऱ्यानं कळली, नावानं नाही.

एक सोडून. चिनी आजी! ती गोष्ट नाही का सांगितली त्यांनी तुम्हाला? मग ऐका.

लेक बाळंत झाली ऑगस्टमध्ये. नात झाली, हे तर ठाऊक आहेच, मी तेव्हा पेढे वाटले होते वहिनींच्या वतीनं. वहिनींनी इथून सगळं नेलं होतं, डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग. लेक म्हणते, "आई, बाहेर बत्तीस अंश आहे आणि तू मला डिंक काय खायला घालतेस?" तिचंही बरोबर. डिंकाचा लाडू थंडीचा. तिथं थंडीच नाही, मग खायचा कधी? वहिनींचं म्हणणं, बाळंतिणीला बारा महिने थंडीच. यावरून मायलेकी दोन दिवस बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी बाळाला न्हाऊ घालून धुरी द्यायची ठरवली. शेगडी नाही, निखारे नाहीत. म्हणून तव्यावर ओवा टाकला. जरा जास्त टाकला. छतावरचा तो धुराचा भोंगा असा कोकलायला लागला की बाळ रडतंय, लेक रडतेय, जावई स्टुलावर उभा राहून भोंग्याला वर्तमानपत्रानं वारा घालतोय. दार उघडलं तर समोर शेजारची चिनी आजी. वहिनींना वाटलं, आता ही तक्रार करणार. आजीनं नाक वर करून हुंगलं, तव्याकडे बघितलं, बाळंतिणीच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याकडे बघितलं आणि असं हसली म्हणे, जणू माहेरचं कुणी भेटलं!

त्यांच्यातही अगदी आपल्यासारखंच असतं. महिनाभर बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. आलं घालून, तिळाचं तेल घालून खायचं. तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडीही असते, ती वहिनींनी हात जोडून परत पाठवली. त्यानंतर रोज दुपारी आजी यायची. एकीला मराठी, दुसरीला चिनी, दोघींचा शत्रू एकच, एसीचा रिमोट. लेक झोपली की दोघी मिळून तो लपवायच्या. एकदा तांदळाच्या डब्यात लपवला आणि वहिनी विसरल्या. लेकीला तो आठ दिवसांनी खिचडीच्या वेळी सापडला. शेवटी तह झाला, तेवीसच्या खाली न्यायचा नाही.

आणि त्या तेवीसची गंमत अशी. खोबरेल तेल गोठतं साधारण चोवीस-पंचवीसला. त्यामुळे बाळाच्या खोलीत ठेवलेली बाटली पांढरी, घट्ट, आणि तीच उचलून दिवाणखान्यात आणली की घटकाभरात पाणी! वहिनी म्हणायच्या, "बाई, एका घरात मी दाराच्या या बाजूला नाशिक आणि त्या बाजूला मुंबई बघितली." बाळाला मालिश करायचं तर आधी बाटली बाहेर नेऊन ठेवायच्या. इथं काय, आपण सगळ्यांनीच बाटल्या उन्हात ठेवल्यात. ती बघा त्यांची, ओट्यावर, सहाणेशेजारी. आता अर्धीच विरघळली आहे. ती पूर्ण पातळ झाली की वहिनी बाहेर येणार, हे घड्याळ मी लावून ठेवलंय.

काळाचं मात्र वेगळंच झालं त्यांचं. एक दिवस मटार सोलता सोलता म्हणाल्या, "मला तिथं महिनेच कळले नाहीत." श्रावण कुठला, आश्विन कुठला, बाहेर बघून काही समजायचं नाही. रोज तीच हिरवी झाडं, रोज तोच दुपारचा गडगडाट. सूर्य बारा महिने सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. वर्षभरात दिवसाच्या लांबीत दहा मिनिटांचाही फरक पडत नाही. आपल्याकडे हिवाळ्याचा दिवस आणि उन्हाळ्याचा दिवस यांत दोन तासांच्या वर अंतर. दिवाळीला लेकीनं पणत्या लावल्या, उटणं लावलं, पण पहाटेची ती शिरशिरी नाही, मग अभ्यंगस्नान ते कसलं? घाम पुसून पुन्हा अंघोळ केली म्हणे. मी विचारलं, मग दिवस मोजले कसे? तर म्हणाल्या, "नातीवरून. तिनं मान धरली तो ऑक्टोबर. कुशीवर वळली तो नोव्हेंबर." यावर मी काही बोलले नाही. मटार मात्र त्या दिवशी दोघींचे लवकर सोलून झाले.

आता तब्येतीचं सांगते, पण हे तुमच्या-माझ्यात. आल्यावर चार दिवसांनी चक्कर आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, वाढलेला. तिथं उकाड्यात अगदी खाली असायचा. डॉक्टर म्हणाले, थंडीत कातडीखालच्या शिरा आकसतात, रक्ताला जागा कमी पडते, दाब चढतो. थंडी सुरू झाली की ज्यांना त्रास आहे त्यांनी मोजून घ्यावा, गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करू नये. रात्री चारदा उठावं लागतं, त्याचंही कारण तेच, म्हणे. भाऊ तर एकदा उठले की गोधडीत परत घेतच नाहीत वहिनी, गार पाय लावतात म्हणून. टाचा अशा फुटल्यात की पायमोज्याचा धागा अडकतो. मी आमसुलाचं तेल दिलं आहे, गरम करून लावायला. शरीर उकाड्याला सरावतं ते आठ-पंधरा दिवसांत, घाम लवकर फुटतो, जास्त फुटतो. आणि मुक्काम हलवला की तीन-चार आठवड्यांत ते सगळं विसरूनही जातं. मी वहिनींना तेच सांगते, संक्रांतीपर्यंत धीर धरा.

बरं, दह्याचं ऐकलंत का? आल्या आल्या विरजण माझ्याकडून नेलं. तिथल्या सवयीनं दूध जेमतेम कोमट केलं, चमचाभर विरजण घातलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. तिथं चार तासांत दही लागायचं आणि संध्याकाळपर्यंत आंबून फसफसायचं. इथं सकाळी झाकण काढलं तर दूधच! मला म्हणतात, "बाई, तुमचं विरजण मेलेलं होतं." माझं विरजण! बावीस वर्षं चाललंय ते. मी म्हटलं, विरजण मेलेलं नाही, गारठलंय. भांडं टॉवेलात गुंडाळा, कणकेच्या डब्यात ठेवा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. विसरल्या हो बाई पाच महिन्यांत! याच वहिनींनी मला नवी असताना हे शिकवलं होतं.

परवा सकाळी सातला त्यांनी लेकीला व्हिडिओ लावला. तिथं तेव्हा साडेनऊ. मी इथूनच ऐकत होते, म्हणजे ऐकू येत होतं. पलीकडे लेक बिनबाह्यांच्या झग्यात, मागे पंखा गरगरतोय. आणि अलीकडे वहिनी, माकडटोपी, वरून मफलर, वरून माझी गोधडी. नातीनं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. आजीच ओळखू येईना! वहिनींनी घाईघाईनं टोपी काढली, मफलर काढला, गोधडी बाजूला टाकली आणि त्या थंडीत नुसत्या साडीवर पंधरा मिनिटं बोलत बसल्या. पोर हसली. मग वहिनी दिवसभर शिंकत होत्या.

नाना त्यांना चिडवतात. म्हणतात, "नांदूरमध्यमेश्वरला या माझ्याबरोबर, तुमच्यासारखेच प्रवासी दाखवतो." ते पाणपक्ष्यांचं अभयारण्य, हो. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं. पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथं या दिवसांत तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक उतरतात, पार हिमालयापलीकडून. त्यांच्या गावाला पाणीच गोठून जातं, म्हणून ते आपल्याकडे उबेला येतात. निफाडला! ऊब म्हणून! नाना म्हणाले, "बघा वहिनी, ज्या थंडीनं तुम्ही गोधडीत शिरलात, ती त्या चक्रवाकांची महाबळेश्वरची ट्रीप आहे." वहिनी काय म्हणाल्या असतील? "त्यांना पिसं आहेत, नाना."

पण जाणार आहेत हं त्या. पुढच्या रविवारी, दुपारी, ऊन चढल्यावर. मीही जाते आहे. तुम्ही येता का? दुर्बीण नानांची आहे, हुरडाही नानांकडचाच असं ठरलंय.

मला वाटतं, थोडी थोडी सवय होते आहे. काल उन्हात बसल्या होत्या तेव्हा मफलर काढून मांडीवर ठेवला होता. सकाळी लवकर उजाडत नाही म्हणून कुरकुर चालूच आहे. मी म्हटलं, २२ डिसेंबरनंतर दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूनं, सकाळ तर जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जाते. "म्हणजे अजून वाईट व्हायचंय?" म्हणाल्या. मग मी भोगीचा विषय काढला. तिळाची भाकरी, लोणी, वांगी-हरभरा-पावट्याची भाजी. त्या एकदम खुलल्या. पाच महिने भाकरीचं पीठ हाताला लागलं नव्हतं, थापायला विसरले नसेन ना, म्हणून काल दोन भाकरी करून बघितल्या. एक फाटली. ती भाऊंनी खाल्ली.

आणि खरी बातमी तर राहिलीच! लेक येते आहे. नातीला घेऊन, रथसप्तमीच्या आत, बोरन्हाणासाठी. तिकीट काढलं परवा. फोन ठेवल्या ठेवल्या वहिनी कुंपणाशी आल्या, अंगावर शालसुद्धा नव्हती, आणि पहिला प्रश्न काय, "बाई, तेव्हा थंडी असेल ना हो? अगदीच गेलेली नसेल ना?" मी बघतच राहिले. आठ दिवस देवाला सांगताहेत थंडी ने, थंडी ने. आणि आता नातीला दाखवायला जपून ठेवायला सांगतात! मी म्हटलं, असेल, पहाटेची तरी असेल. तर म्हणाल्या, "मग तिला घालायला काय? तिच्याकडे एकसुद्धा बाहीचं झबलं नाही."

म्हणून तुम्हाला हाक मारली, खरं सांगायचं तर. बाळाला गोधडी शिवायची आहे, लहानशी. टाके मी घालते, बेतणार वहिनी. पण कापड हवं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, सुती. टेरिकॉट नको. तुमच्या सासूबाईंचं एखादं नऊवारी ट्रंकेत पडलं असेल तर बघता का? रंग कुठलाही चालेल, काळं असलं तरी चालेल, संक्रांतच आहे. उद्या नऊला आणा, मी इथंच असेन. आणि वहिनींसमोर माझ्या गोधडीचा विषय काढू नका. ती काही आता परत मिळत नाही.

थांबा, तेल पातळ झालं. दाराची कडी वाजली बघा.